दादाच्या जागी

माझ्या वहिनीचा आवाज अख्ख्या गावाच्या ओळखीचा होता आणि चेहरा जवळजवळ कुणाच्याच नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. "नंबर सांगा" एवढे दोनच शब्द, पण ती असे म्हणायची की चिडून फोन उचललेला माणूससुद्धा आपला आवाज खाली आणायचा. माझा भाऊ, आमचा दादा, तेव्हा नुकताच वकील झाला होता. अशील एक आणि फोन दिवसभर. कुणाला करतोस विचारलं तर म्हणायचा, "कामाचे आहेत." काम काय होतं ते लग्न ठरलं तेव्हा कळलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी वहिनीने कानावरचा हेडफोन काढून शेजारच्या मुलीच्या हातात दिला आणि घरी आली. लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत राहता येत नसे; तसा नियमच होता. कुणी रडारड केली नाही. दादा तेवढा म्हणाला, "राजधानीत पोचू दे मला. पहिला मोडतो तो हा नियम."

दादा निवडून आला, राजधानीत पोचला. भाषण करावं तर त्यानेच. उभा राहिला की आधी घसा खाकरायचा, दोन बोटांनी कॉलर सैल करायचा आणि म्हणायचा, "तर मुद्दा असा आहे, मंडळी." मग विरोधकसुद्धा पेंगायचे थांबायचे. त्याने आमच्या नदीवर पूल मंजूर करून घेतला. नियम होता तिथेच राहिला. वहिनीने कधी आठवण करून दिली असेल, तर ती आमच्या कानावर आली नाही.

आणि एका सकाळी, सभागृहाशेजारच्या न्हाव्याकडे दाढी करता करता, दादा खुर्चीतच गेला. उजवा गाल करून झाला होता. डाव्या गालावर फेस तसाच होता. न्हावी बिचारा "साहेब, मान वर करा" म्हणत राहिला.

घरातली माणसं अजून पांगलीही नव्हती तोच पक्षाचे चिटणीस आले. वहिनीसमोर बसले, दुःख झाल्याचं सांगितलं, आणि लगेच मुद्द्यावर आले. रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक होणार होती.

"वहिनी, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त उभं राहायचं. बोलायचं आम्ही बघतो. निवडून आलात की बसायचं."

"म्हणजे उठायचं आणि बसायचं," वहिनी म्हणाली. "व्यायाम आहे."

चिटणीस हसले नाहीत. देशाच्या सभागृहात तोवर एकही बाई बसलेली नव्हती. वहिनी हो म्हणाली. का म्हणालीस असं मी पुढे विचारलं, तेव्हा म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी मला नोकरी देत होतं."

पोस्टरवर दादाचा फोटो दारभर होता आणि कोपऱ्यात वहिनीचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मी शाळेत गणित शिकवायचे. रजा काढून तिच्याबरोबर गावोगाव फिरले. लोक तिच्याशी बोलायचे, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, कुणी मागे उभं असल्यासारखी. एका खाणीवर एका मजुराने तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "साहेब, पुलाचं कुठवर आलं?"

साहेब म्हणाला तो. आणि वहिनी पटकन म्हणाली, "खडी आलीय. कैच्या आल्या की सुरू."

माणूस समाधानाने गेला. जीपमध्ये बसल्यावर वहिनीने मला हळूच विचारलं, "वन्सं, पुलाला कैच्या कशाला लागतात हो?"

मलाही ठाऊक नव्हतं. इंजिनियरला विचारलं तेव्हा कळलं की पुलाच्या लोखंडी सांगाड्याला ते लोक कैच्या म्हणतात. दादाला ठाऊक असणार. वहिनीने तो शब्द कधी ऐकलाही नव्हता.

ती दणदणीत मतांनी निवडून आली. चिटणीस म्हणाले, "साहेब जिवंतपणी एवढ्या मतांनी आले नव्हते."

आई, म्हणजे दादाची आणि माझी आई, गावीच राहिली. वहिनीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून मी तिच्याबरोबर राजधानीत गेले. दादाचाच फ्लॅट आम्हाला मिळाला. कपाटात त्याचे कोट, दाराशी त्याची छत्री, न्हाव्याने परत पाठवलेलं दाढीचं सामान बेसिनवर. सभागृहात तिची जागाही तीच, चौथ्या रांगेतली. बाकावरची पितळी पाटी दादाच्या नावाची. बदलायला सांगितलं तर चिटणीस म्हणाले, "आडनाव तेच आहे ना? मग नवी कशाला?" बायकांसाठी न्हाणीघर त्या एवढ्या मोठ्या इमारतीत कुठेच नव्हतं. पहिले काही दिवस वहिनी रस्ता ओलांडून कापडाच्या दुकानात जायची. मग जुन्या टाइपरायटरांच्या एका अडगळीच्या खोलीत नळ काढून दिला. दारावरचा शिपाई तिला बघून सलाम करायचा आणि म्हणायचा, "या साहेब." मी त्याला एकदा टोकलं. तो गोंधळला. "बाईसाहेबच म्हणालो की," म्हणाला.

पहिलं भाषण रस्त्यांच्या नव्या कायद्यावर होतं. चिटणीसांनी कागद लिहून दिला होता. मी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. नाव पुकारलं. वहिनी उठली, कागद हातात धरला. मग तिने घसा खाकरला.

मी कठड्यावरून पुढे वाकले.

तिने कागद खाली ठेवला. दोन बोटं गळ्याशी नेली, जिथे कॉलर नव्हती तिथे. "तर मुद्दा असा आहे, मंडळी."

आवाज तिचाच होता, बारीक आणि स्वच्छ. पण वाक्यं दादाची, थांबे दादाचे, विरोधकांना कोपरखळी मारून पाण्याचा घोट घ्यायची लकब दादाची. समोरच्या बाजूला एक म्हातारे सभासद होते, दादाला भाषणात अडवण्यात त्यांची हयात गेली होती. सवयीने तेही उठले, "खोटं! साफ खोटं!" म्हणायला. तोंड उघडलं, आणि तसेच उभे राहिले. मग बाकाचा कठडा धरून खाली बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर आल्यावर मी वहिनीचा हात धरला. गार होता.

"कशी बोललीस गं!"

"बोलले?" ती म्हणाली. "वन्सं, मी उभी राहिले एवढं आठवतं. मग बसले ते आठवतं. मधलं काही नाही."

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव सगळ्यांनी छापलं, पण कौतुक दादाचं केलं. हरवलेला आवाज परत आला, असा मथळा होता. चिटणीस पेढ्यासारखे गोड झाले.

त्याच आठवड्यात सभागृहाच्या ध्वनिमुद्रण खोलीतल्या तंत्रज्ञाने आम्हाला बोलावलं. पोक्त, शांत माणूस. दार लावून त्याने वहिनीच्या भाषणाची फीत लावली. आधी वहिनीचाच आवाज आला. मग त्याने एक बटण फिरवलं, आणि त्या आवाजाच्या खाली दुसरा ऐकू यायला लागला. जाड, पुरुषी, लांबून आल्यासारखा. तीच वाक्यं बोलत होता, पण अर्धा शब्द आधी. तो म्हणे "रस्"; मग वहिनी म्हणे "रस्ते". लहान मुलाला कविता सांगावी तसं.

"जुनी फीत आहे," तंत्रज्ञ आमच्याकडे न बघता म्हणाला. "परत परत वापरतो आम्ही. आधीचं कधीकधी नीट पुसलं जात नाही. साहेबांचं एखादं भाषण राहून गेलं असेल."

"हा कायदा कधी आला?" वहिनीने विचारलं.

"या महिन्यात."

"आणि हे गेले कधी?"

तंत्रज्ञाने फीत थांबवली. वहिनी एक्स्चेंजमधल्या अगदी कामाच्या आवाजात म्हणाली, "क्रॉस कनेक्शन आहे."

त्यानंतर ते घरातही यायला लागलं. वहिनीला चहा गोड लागायचा. ती दादासारखा बिनसाखरेचा पिऊ लागली. दादाचा पेपर तो ज्या पानापासून वाचायचा त्या पानापासून वाचू लागली. बोलता बोलता डाव्या गालावरून हात फिरवायची. "काय होतंय?" विचारलं तर म्हणायची, "काही नाही. एक गाल ओढल्यासारखा वाटतो. साबण वाळल्यासारखा." अर्ध्या राहिलेल्या दाढीचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. ते चिटणिसांनी फक्त मला एकटीला सांगितलं होतं.

मग एका सकाळी मी वह्या तपासत बसले होते. राजधानीत मी एका शाळेत बदलीवर लागले होते. मागून हाक आली, "ठके, चष्मा कुठे ठेवलास माझा?"

ठकी मला फक्त दादा म्हणायचा. वहिनी मला आयुष्यभर वन्सं म्हणत आली आणि अहोजाहो करत आली. मी वळून बघितलं. वहिनी दारात उभी होती, डोळे बारीक करून. तिला चष्मा नव्हता.

मी घाबरले, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. भाऊ गेल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

मी गावी आईला फोन केला. आई मिळेल त्या गाडीने आली. दुपारी आम्ही तिघी जेवायच्या टेबलाशी बसलो. आई वहिनीच्या समोर बसली, दादा लहान असताना बसायची तशी, दोन्ही कोपरं टेबलावर टेकून.

"बाळा," आई म्हणाली, "जेवण जातं का रे तुला?"

वहिनीचा घास हातात थांबला. तिने घसा खाकरला. "जातं गं माये. तू आधी बस नीट, पाठ दुखेल."

आईच्या डोळ्यांना धार लागली. ती हसत होती आणि रडत होती. त्या दिवसापासून दुपारचं जेवण लांबत गेलं. आई त्याला गावच्या गोष्टी सांगायची, त्याची मतं विचारायची. मीही बसायचे. एवढी माणसं वहिनीशी बोलत होती, आणि वहिनीशी कुणीच बोलत नव्हतं. ती वाळत चालली. जेवण झालं की ताट बघून विचारायची, "मी जेवले का?"

पक्ष खूश, आई खूश. सभागृहात दादाची भाषणं सुरूच. जी उपरी होती ती वहिनी.

अशात एक दिवस एक्स्चेंजमधल्या काही मुली तिला भेटायला आल्या. वहिनीने ज्या मुलीच्या हातात हेडफोन दिला होता, तीही त्यांत होती. आता तिचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या घरात कमावणारी तीच. वहिनीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्या दिवशी एकदाही खाकरली नाही. "मी विधेयक आणते," म्हणाली. "खासगी विधेयक कुणाही सभासदाला आणता येतं."

बातमी चिटणिसांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आले तेव्हा आई आत झोपली होती, मी तिथेच होते.

"हे करू नका, वहिनी. पक्षाची भूमिका नाही ही. साहेबांचीही नव्हती."

"हे तर म्हणाले होते, पहिला तोच नियम मोडेन."

चिटणीस जरा ओशाळले. "विषय निघाला होता एकदा. वरून विचारणा झाली, पूल हवा की हे हवं? साहेबांनी पूल घेतला. व्यवहारी माणूस. त्यात चुकीचं काय?"

ते गेल्यावर वहिनीने दादाचे कोट कपाटातून काढले, घड्या घातल्या आणि खोक्यात भरले. कोट भरताना तिचा डावा हात सारखा गालाकडे जात होता आणि ती तो सारखा खाली आणत होती. आई उठल्यावर पुलाचं सगळं मी तिला सांगितलं.

विधेयकाच्या दिवशी आई आणि मी दोघी सज्जात होतो. बाकं बरीच रिकामी, जेवायची वेळ जवळ आलेली. अध्यक्षांनी नाव पुकारलं. वहिनी उठली. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. खाकरणं आलं, एकदा, दोनदा, मग ठसका लागल्यासारखं येतच राहिलं. अध्यक्ष म्हणाले, "बरं नसेल तर सन्माननीय सभासदांनी बसून घ्यावं."

तेव्हा वहिनीने दोन बोटं गळ्याशी नेली. "तर मुद्दा असा आहे, मंडळी," ती म्हणाली, आणि या खेपेला आवाजसुद्धा तिचा नव्हता. "हे विधेयक मी मागे घेतो."

घेतो.

खाली टेबलाशी बसलेल्या लघुलेखकाची पेन्सिल थांबली. त्याने मान वर करून वहिनीकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. घेतो लिहू की घेते, हे त्याला कळेना. अध्यक्षांनी घाम पुसला आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. पुढचं सुट्टीनंतर बघू म्हणाले.

वहिनी त्या टाइपरायटरांच्या अडगळीत एका खोक्यावर बसलेली सापडली. तोंडावर पाणी मारलेलं होतं. आम्हाला बघून तिने कसेबसे शब्द काढले, तिचे स्वतःचे, एकेक करून.

"आई, तुम्ही हाक मारता म्हणून हे येतात. माझ्याने नाही जात. तुम्ही जा म्हणा."

आईने माझ्याकडे बघितलं. कुठल्या आईला असं सांगावं कुणी? ती खाली वाकली, वहिनीची हनुवटी हातात धरली.

"बाळा," ती म्हणाली, "पूल घेतलास, हे खरं?"

उत्तर लगेच आलं. हसरं, लाडातलं, अगदी दादाचं. "राजकारण असतं गं माये. तिला काय कळतंय त्यातलं?"

आईचा हात हनुवटीवरून सुटला. माझ्या वडिलांनी तिला हेच ऐकवलं होतं, शेताच्या तुकड्यापासून माझ्या शिक्षणापर्यंत प्रत्येक गोष्टीत. "तिला काय कळतंय." ती कधी उलट बोललेली मला आठवत नाही. आता ती सरळ उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "मतं तुझी असतील. खुर्ची तिची आहे. ऊठ आणि जा."

वहिनीच्या डोळ्यांत कुणीतरी जरा वेळ आमच्याकडे बघत राहिलं. दुखावल्यासारखं. लहानपणी घरात घेतलं नाही की दादा असा बघायचा. मला धावून जावंसं वाटलं. आईने न बघता माझं मनगट पकडलं, आणि सोडलं नाही. मग नळाचा थेंब पडल्याचा आवाज आला, आणि वहिनीने लांब श्वास घेतला, पाण्याखालून वर आल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही थरथरताय. बसा."

सुट्टीनंतर ती बोलली. भाषण वाईट झालं. एक ओळ दोनदा वाचली, आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हता आणि "जोरात!" असं कुणी ओरडलं की ती आणखी अडखळायची. पण प्रत्येक शब्द तिचा होता. शेवटी म्हणाली, "मी हे विधेयक मागे घेत नाही." लघुलेखकाने ते न थांबता लिहिलं. विधेयक आपटलं. बाजूने हात वर आले ते बोटांवर मोजण्याएवढे. त्यांत एक त्या म्हाताऱ्या विरोधकांचा होता. पुढे भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, तुमच्या यजमानांना मी जन्मभर अडवलं. मेल्यावर तरी अडवायला नको म्हणून गप्प बसत होतो. आज सुटलो."

पक्षाने पुढच्या वेळी तिकीट दिलं नाही. वहिनी अपक्ष उभी राहिली, पोस्टरवर एकटीचा फोटो लावून, आणि पडली. पुढची पाच वर्षं ती गावी राहिली, ऑपरेटर मुलींची संघटना बांधली, खाणीवरच्या बायकांच्या सभा घेतल्या. पुढच्या निवडणुकीत ती थोडक्या मतांनी आली. मग येतच राहिली. नियम शेवटी मोडला तो दुसऱ्याच सरकारने, दुसऱ्याच माणसाच्या नावाने. वहिनी त्या दिवशी दोनच वाक्यं बोलली. पुढे टेलिफोन खात्याची मंत्री झाली. तिच्याबद्दल लिहिणारे सगळे लिहायचे, कामाला पक्की, पण वक्तृत्व म्हणून नाही. यजमानांची सर नाही. ती वाचायची आणि पेपर घडी करून ठेवायची.

आई त्या दिवसानंतर टेबलाशी बसून जेवली नाही. ताट घेऊन खिडकीशी बसायची. वहिनीवर राग नव्हता. शेवटच्या आजारात तिला वहिनीच हवी असायची, मी नाही. मला मात्र आजही कुणी हाक मारली की मी आधी थोडी थांबते.

वहिनीने राजकारण सोडलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तोवर सभागृहात पुष्कळ बायका आल्या होत्या. त्यांतली एक नवीन, तरुण, आमच्या घरी आली. नवरा अपघातात गेला आणि त्याच्या जागेवर ती निवडून आली होती. मी चहा आणला. तिने कप घेतला तो डाव्या हाताने, आणि घेतल्यावर दचकून त्या हाताकडे बघितलं.

"मी उजव्या हाताची आहे," ती वहिनीला म्हणाली. हसायचा प्रयत्न केला. "हे डावरे होते. निवडून आल्यापासून सही याच हाताने होते. लोक म्हणतात, किती छान, अगदी त्यांच्यासारखी. मॅडम, हे होतं का असं? सगळ्यांना होतं?"

वहिनीने त्या मुलीच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या सासूबाई आहेत?" तिने विचारलं.

"आहेत."

"त्यांना मुलाची फार आठवण येत असेल."

मुलीने मान हलवली. तिचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं हवेत काहीतरी लिहीत होती, भराभर, ती बघत नसताना.

"वन्सं," वहिनी मला म्हणाली, "दार ओढून घ्या जाताना. आम्हाला वेळ लागेल."

मी दार ओढून बाहेर बसले. आतून आधी वहिनीचा आवाज आला, मग त्या मुलीचा. मग तिसरा आला, जाड, पुरुषी. मी तिथून उठले आणि अंगणात जाऊन उभी राहिले.